१९३२च्या फोर्डचं हॉट रॉड मॉडेल : कुठला भाग हाताने घडवावा आणि कसा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : १/२५ प्रमाणातलं १९३२च्या फोर्डचं पाच खिडक्यांचं कूपे (दोन दारांची बंद गाडी) किट हातात आहे, दुसऱ्या किटमधलं फ्लॅटहेड व्ही-८ इंजिन जपून ठेवलंय आणि १९५०च्या सुमाराची कॅलिफोर्नियातली हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी फेरफार केलेली जुनी गाडी, करायची आहे. छत खाली आणायचं, बॉडी चॅनेल करायची (चेसिसवर खाली बसवायची), हेडर म्हणजे धुराचे पाइप आणि इंजिनाची वायरिंग स्वतः घडवायची. सुरुवात कुठून करावी, काय बनवावं, काय विकत घ्यावं?

सुरुवात कापण्यापासून करू नका. आधी प्रत्येक भाग खऱ्या गाडीत काय काम करत होता ते समजून घ्या. हॉट रॉड ही सजवलेली गाडी म्हणून जन्मली नाही. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट तळावर पोरं जुन्या फोर्ड पळवायची, घड्याळ लावून वेग मोजायची. १९३७ साली या शर्यतींसाठी क्लबांची संघटना उभी राहिली, युद्धानंतर हा नाद देशभर पसरला. मडगार्ड काढले ते वजन कमी करायला, छत खाली आणलं ते वाऱ्याला कमी अंग द्यायला, एका कार्ब्युरेटरच्या जागी तीन आले ते इंजिनाला जास्त हवा-पेट्रोल मिळावं म्हणून. मॉडेलवरचा भाग हे काम करू शकेल असं दिसलं, तर तो खरा वाटतो. एका टोकाला कशालाच न जोडलेली नळी कितीही सफाईने केली तरी पाहणाऱ्याच्या डोळ्याला खटकते, आणि का खटकली ते त्यालाही सांगता येत नाही.

आता मापं. १/२५ प्रमाणाची एक मोठी सोय आहे : खऱ्या गाडीवरचा एक इंच म्हणजे मॉडेलवर १.०१६ मिलीमीटर. छोट्या भागांसाठी 'इंचाला मिलीमीटर' एवढं लक्षात ठेवलं की पुरे. तीन इंच छत कापायचं म्हणजे तीन मिलीमीटर, चार इंच खाली बसणारा अ‍ॅक्सल म्हणजे चार मिलीमीटर. मात्र लांब मापांना हा हिशेब लावू नका. ३२च्या फोर्डचा व्हीलबेस १०६ इंच. मॉडेलवर तो १०७.७ मिमी यायला हवा, १०६ नव्हे. पावणेदोन मिलीमीटरच्या फरकाने मागचं चाक कमानीच्या मध्यातून सरकतं. शंभर-दीडशे रुपयांची प्लास्टिकची व्हर्निअर चालेल, पण व्हर्निअर हवीच.

चॅनेल करू नका, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. चॅनेल करणं म्हणजे बॉडीचा तळ कापून ती चेसिसच्या रेल्सवर, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लांब दांड्यांवर, खाली सरकवणं. ३२च्या फोर्डच्या चेसिसची बाजू मुळातच उघडी दिसते, तिच्यावर दाबून काढलेली सुंदर रेघ आहे, आणि मडगार्ड काढल्यावर तीच या गाडीची ओळख ठरते. बॉडी रेल्सच्या वर ठेवलेल्या, बिनमडगार्डच्या गाडीला हायबॉय म्हणतात. शिवाय बॉडी खाली गेली की रेडिएटर, फायरवॉल (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधला पत्रा), सीट, स्टिअरिंगचा कोन, बॉनेट सगळंच बदलावं लागतं. पहिल्याच कामात एवढं अंगावर घेऊ नका. छत कापा, पुढचं टोक खाली आणा, मागे मोठे आणि पुढे छोटे टायर लावा. मूळ गाडीला १८ इंची तारांची चाकं होती. १९५०च्या रॉडसाठी १६ इंची लोखंडी डिस्कची चाकं शोधा. मॉडेलवर रिमचा व्यास सुमारे सव्वासोळा मिलीमीटर. चाकं आणि टायर मात्र किटमधून किंवा बाहेरून घ्या. चार चाकं हाताने अगदी एकसारखी होत नाहीत, आणि गाडीवर नजर आधी तिथेच जाते.

छताकडे येऊ, कारण बहुतेकांची बॉडी इथेच वाया जाते. तीन मिलीमीटरची पट्टी काढायची तर दोन समांतर रेषा लागतात, आणि त्या फूटपट्टी धरून वाकड्यातिकड्या बॉडीवर आखता येत नाहीत. जाड काचेच्या तुकड्यावर बॉडी ठेवा. एका ठोकळ्यावर कटरचं पातं चिकटटेपने आडवं बसवा, इतक्या उंचीवर की त्याचं टोक खिडकीच्या खांबाच्या सर्वात सरळ भागाला लागेल. आता ठोकळा हलवू नका, बॉडी काचेवर फिरवत सगळ्या खांबांना त्या टोकाला हलकेच घासा. चारी बाजूंनी एकाच पातळीची बारीक रेघ मिळते. ठोकळ्याखाली तीन मिलीमीटरचं प्लास्टिक सरकवून दुसरी रेघ काढा.

कापण्याआधी बॉडीच्या आत, दोन्ही दरवाज्यांच्या मध्ये, प्लास्टिकची एक आडवी पट्टी चिकटवून घ्या. खांब सुटले की बॉडी लगेच फाकते. कापायला सोनाराच्या करवतीचं बारीक पातं उत्तम. सोनारांची हत्यारं विकणाऱ्या दुकानात डझनाच्या हिशेबाने मिळतं, आणि मॉडेलच्या दुकानातल्या रेझर सॉपेक्षा वळणावर हलकं चालतं. दोन्ही काप रेषांच्या आत घ्या, म्हणजे काढून टाकायच्या पट्टीतच. पात्याची जाडी सामग्री खाते. रेषेवर कापलं तर तीनऐवजी साडेतीन मिलीमीटर जातात. रेषेपर्यंतचं उरलेलं कानशीने, थांबत थांबत घासा.

छत खाली ठेवल्यावर खांब एकमेकांना भेटत नाहीत, आणि माणूस घाबरतो. घाबरू नका, हे भूमितीच आहे. पुढचे खांब मागे झुकलेले, मागची बाजू पुढे झुकलेली, म्हणून छत सरळ खाली आणलं की ते आखूड पडतं. उभ्या रेषेपासून दर १० अंश झुकावाला, ३ मिलीमीटरच्या कापामागे, सुमारे अर्धा मिलीमीटर फरक पडतो. पुढचा आणि मागचा कोन प्रोट्रॅक्टरने मोजा, दोन्ही फरकांची बेरीज करा. तेवढं छत लांब करायला हवं. छत आडवं कापून मध्ये तेवढ्या रुंदीची पट्टी बसवायची. इथे १९३२ची गाडी आपल्याला साथ देते : त्या काळी एवढा मोठा पत्रा एकसंध दाबता येत नसे, त्यामुळे छताच्या मध्यभागी कापडाचा भाग असायचा. तुमचा आडवा काप त्या कापडाच्या भागातून गेला की जोड लपवणं निम्मं सोपं होतं. पुढे बऱ्याच रॉडवाल्यांनी तिथे पत्रा जोडून छत भरून काढलं, त्यामुळे गुळगुळीत छतही त्या काळाशी विसंगत नाही.

खांब नुसत्या सिमेंटवर, म्हणजे मॉडेलच्या प्लास्टिकच्या गोंदावर, जोडू नका. प्रत्येक खांबाच्या दोन्ही तोंडांत ०.५ मिमीचं भोक पाडा, तांब्याच्या तारेचा छोटा तुकडा खिळ्यासारखा घाला, मग पातळ सिमेंट. ते किमान एक रात्र वाळू द्या. फटी भरायला फेविक्विक आणि त्यावर चिमूटभर खायचा सोडा ही जोडी चालते, तिथल्या तिथे दगड होते. पण ती पॉलिस्टायरीनपेक्षा कडक असते, म्हणून तासाभरातच घासून घ्या. उशीर केला तर आजूबाजूचं मऊ प्लास्टिक झिजतं आणि भरलेला भाग उंचवट्यासारखा उभा राहतो. शेवटची सफाई पुट्टी, प्रायमर आणि वॉटर पेपरने : ४००, ६००, १०००. प्रायमर हा रंगाआधीचा तपास समजा. राखाडी थरात जी रेघ दिसते तीच पुढे चकचकीत काळ्या रंगात दुप्पट दिसणार आहे.

किटची काच आता बसणार नाही. खरी काच ६ मिमी धरली तर मॉडेलवर पाव मिलीमीटर होते, तेवढ्या जाडीची पारदर्शक शीट कापून आतून लावा. चिकटवायला फेविकॉल, वाळल्यावर दिसत नाही. फेविक्विकची वाफ काचेवर पांढरा धूर सोडते, आणि तो निघत नाही.

आता हेडर, म्हणजे इंजिनाच्या धुराचे पाइप. तुम्ही 'दोन्ही बाजूंना चार-चार पाइप' असं लिहिलंय. फ्लॅटहेडला ते चालणार नाही. फोर्डच्या या इंजिनात व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात, आणि मधल्या दोन सिलिंडरांचा धूर एकाच तोंडातून बाहेर पडतो. म्हणजे प्रत्येक बाजूला तीनच तोंडं. चार पाइपांचं फ्लॅटहेड पाहिलं की जाणकार तिथेच थांबतो, मग पुढचं कितीही चांगलं असो.

घडवायची रीत अशी. ०.५ मिमीच्या प्लास्टिक शीटमधून ब्लॉकच्या बाजूएवढी अरुंद पट्टी कापा. ही फ्लॅन्ज. ब्लॉकवर धरून तीन तोंडांच्या जागी खुणा करा, भोकं पाडा. पाइपांसाठी दागिन्यांच्या कामाची मऊ अ‍ॅल्युमिनियमची तार घ्या, पावणेदोन ते दोन मिलीमीटर जाडीची. खऱ्या पाइपाचा व्यास पावणेदोन-दोन इंचच असतो. तार आधी लांबच ठेवा. वाकवून झाल्यावर कापा. वाकवायला पक्कड नको, तिचे दात उमटतात. ड्रिलच्या दांड्यासारख्या गोल वस्तूभोवती अंगठ्याने वाकवा. पहिला पाइप पुढच्या तोंडातून बाहेर येऊन मागे वळतो, दुसरा त्याच्या आतून, तिसरा त्याच्याही आतून, आणि तिघं एका निमुळत्या कलेक्टरमध्ये शिरतात. कलेक्टर थंड पेयाच्या डब्याचा पत्रा गुंडाळून करा. तो कात्रीने सहज कापला जातो आणि त्याची कड खऱ्या पत्र्यासारखी पातळ दिसते. इंजिन चेसिसमध्ये बसवून, स्टिअरिंग बॉक्स जागेवर ठेवूनच पाइप वाकवा. टेबलावर देखणे दिसणारे हेडर गाडीत गेल्यावर स्टिअरिंगवर आदळतात.

कलेक्टरच्या टोकाला झाकण ठेवा, तीन बारीक बोल्टांचं. तळ्यावर धावताना ते काढायचं, मग धूर थेट बाहेर. रस्त्यावर झाकण बंद आणि धूर सायलेन्सरकडे. म्हणजे कलेक्टरपासून मागे सायलेन्सरला जाणारी दुसरी नळीही हवी. ती विसरली की ती गाडी रस्त्यावर कशी चालते याला उत्तर राहत नाही.

ही सगळी तार आपल्याकडे मिळते का, असं तुम्ही विचारलंय. मिळते, आणि मॉडेलच्या परदेशी दुकानापेक्षा चांगल्या मापात. जवळच्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे जा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत तर हमखास. इनॅमलचा थर दिलेली तांब्याची तार गेजवर मागा. ३० गेज म्हणजे ०.३१५ मिमी : खरी प्लगची वायर ७-८ मिमी जाड असते, १/२५ मध्ये ती जवळपास तेवढीच. २८ गेज ०.३७६ मिमी : तीन-अष्टमांश इंचाची पेट्रोलची नळी. ३६ गेज ०.१९३ मिमी : ब्रेकची तीन-सोळांश इंची नळी. तीन रिळं आयुष्यभर पुरतात. किटच्या जोडसंचांत बरेचदा जाड वायर देतात, कारण ती हाताळायला सोपी. प्लगची वायर बोटासारखी दिसली की सगळं इंजिन खेळण्यातलं वाटू लागतं.

नळ्यांसाठी औषधाच्या दुकानातून नव्या, सीलबंद इंजेक्शनच्या सुया घ्या. १८ गेजच्या सुईचा बाहेरचा व्यास १.२७ मिमी, म्हणजे खऱ्या गाडीवरचे सव्वा इंच. मडगार्ड आणि बंपर काढल्यावर चेसिसच्या पुढच्या दोन शिंगांमधला आडवा दांडा याच मापाचा करता येतो. २१ गेजची ०.८२ मिमीची. सुई कापायची नाही, त्रिकोणी कानशीने भोवताली खाच पाडून मोडायची; आत तार ठेवली तर चेपत नाही. काम सुरू करण्याआधी टोक मोडून एका डबीत टाका. सुईचे आणि तारेचे गेज वेगवेगळे असतात, आकडा सारखा दिसला म्हणून माप सारखं धरू नका.

वायरिंगला हात घालण्याआधी तुमचं फ्लॅटहेड कुठल्या सालचं आहे ते ओळखा. १९३२ ते ४१च्या इंजिनात डिस्ट्रिब्यूटर (प्लगना ठिणगी वाटून देणारा भाग) अगदी पुढे, टायमिंगच्या झाकणावर बसलेला असतो आणि वायरी नळीतून हेडच्या कडेने मागे जातात. १९४९ ते ५३च्या इंजिनात तो पुढच्या कोपऱ्यात उभा असतो, नेहमीच्या टोपीसह. हेडही सांगतात : युद्धाच्या आसपासच्या हेडवर पाण्याचं तोंड मधोमध, ४९नंतरच्या हेडवर पुढे. तुमच्या वर्णनावरून हे ४९नंतरचं वाटतं. म्हणजे टोपीवर आठ भोकं गोलात आणि नववं मध्ये, कॉइलसाठी. टोपीचा व्यास जेमतेम ३ मिमी असेल. आधी सुईच्या टोकाने नऊही जागा टोचून घ्या, भिंगाखाली बघा, वाकडी वाटली तर पुट्टीने बुजवून पुन्हा टोचा, आणि समाधान झाल्यावरच ०.३५ मिमीचं ड्रिल हातड्रिलमध्ये धरून फिरवा. यंत्राच्या ड्रिलने प्लास्टिक वितळतं.

प्लग हेडच्या वरच्या बाजूला असतात, एका हेडवर चार. वायरी सुट्या सोडू नका. चारही एका बारीक नळीतून किंवा पट्टीखालून नेल्या की व्यवस्थित ओळीत येतात, खऱ्या गाडीतही तसंच करायचे. प्रज्वलनाचा क्रम १-५-४-८-६-३-७-२. उजवी बाजू पुढून मागे १ ते ४, डावी ५ ते ८. हा क्रम कोणी मोजणार नाही असं वाटेल. पण तो पाळला की वायरी आपोआप खऱ्यासारख्या एकमेकींवरून जातात, आणि नुसत्या अंदाजाने ते जमत नाही.

पाण्याच्या नळ्या विसरू नका. या इंजिनाला दोन वॉटर पंप असतात, म्हणून रेडिएटरला वर दोन आणि खाली दोन अशा चार नळ्या. किटमध्ये दोनच असतील तर बाकीच्या दोन करा.

तीन स्ट्रॉमबर्ग ९७ कार्ब्युरेटर तुम्ही किटचेच वापरताय ते योग्य. त्यांच्या नावातला ९७ हा आकडा आतल्या गळ्याच्या ०.९७ इंच व्यासावरून आला आहे. त्यांना जिवंत करतात त्या जोडण्या. फायरवॉलवर किंवा मॅनिफोल्डशेजारी एक छोटा ठोकळा, पंपाकडून त्यात येणारी एक नळी, आणि त्यातून प्रत्येक कार्ब्युरेटरकडे एक. २८ गेज. तिन्हींचे थ्रॉटल जोडणारा पाव मिलीमीटरचा सरळ दांडा एका बाजूने, आणि त्यापासून फायरवॉलकडे जाणारा दुसरा. हा दुसरा दांडा नसेल तर पायाखालचा पॅडल कशालाच जोडलेला नाही.

पुढच्या अ‍ॅक्सलबद्दल. मूळ गाडीत अ‍ॅक्सलपासून दोन दांडे मागे जात जात गिअरबॉक्सखाली मध्यावर एकत्र येतात. इंजिन-गिअरबॉक्स बदलले की ती मधली जागा आड येते, म्हणून रॉडवाले हा व्ही मधोमध कापायचे आणि दोन्ही पाय बाजूच्या रेल्सना बांधायचे. मॉडेलवर अगदी तेच करा : किटचा भाग कापा, पाय बाहेर उघडा, रेलवर ०.५ मिमी शीटचा छोटा ब्रॅकेट आणि एक बोल्ट. अ‍ॅक्सल खाली आणायला त्याच्या दांड्याला हात लावू नका, दोन्ही टोकं चाकाच्या खिळ्याजवळ कापून चार मिलीमीटर वर चढवा आणि आत पितळेची तार घाला. गाडीचं वजन त्या जोडावर असतं, नुसतं सिमेंट महिन्याभरात झुकतं. अ‍ॅक्सल उतरल्यावर स्टिअरिंगचा दांडा आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर नव्या उंचीला जुळवून घ्या.

आतल्या गाद्यांना तर जवळजवळ काहीच मेहनत नाही. त्या काळच्या गाद्यांवर उभे फुगीर पट्टे असायचे, आणि कॅलिफोर्नियाची पोरं सीमेपलीकडे मेक्सिकोत टिहुआनाला जाऊन ते शिवून आणायची. पट्टा साधारण इंचाचा धरला तर १ मिमी अंतरावर खाचा असलेली एव्हरग्रीन कंपनीची प्लास्टिक शीट थेट वापरता येते. कापा, कडा घासा, सीटवर चिकटवा.

बॉनेटच्या बाजूच्या झरोक्यांबाबत मात्र मी तुम्हाला अडवेन. ३२च्या फोर्डला सुरुवातीला एका बाजूला २० आणि नंतर २५ झरोके होते. ते हाताने पंच करायला घेतलेत तर एक वाकडा झाला की पूर्ण पट्टी फेकावी लागते. किटची बाजू चांगली असेल तर तीच ठेवा. नाही तर बॉनेटच काढून टाका. तळ्यावरच्या कित्येक रॉड तशाच धावायच्या, आणि तुमचं इंजिन तरी दिसेल.

क्रोम उतरवायचा असेल तर भाग साध्या ब्लीचमध्ये, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवून ठेवा. चकाकी तासाभरात जाते. खालचा लॅकरचा थर वेगळा काढावा लागतो, तो काढला नाही तर त्यावर सिमेंट धरत नाही. खिडकी उघडी ठेवा, आणि त्याच भांड्यात किंवा मोरीत संडास धुण्याचं आम्ल कधीही ओतू नका. दोन्हीतून क्लोरीन वायू निघतो.

क्रम विचारलात म्हणून : चेसिस, अ‍ॅक्सल आणि चाकं आधी, गाडी चार चाकांवर सपाट उभी राहते का ते काचेवर ठेवून बघा. मग छत. मग इंजिन जागेवर बसवून हेडर. ते सगळं एकदा कोरडं, म्हणजे गोंद न लावता, जुळवून पुन्हा सोडवा, रंगवा, आणि वायरिंग सर्वात शेवटी, फायरवॉल बसवण्याआधी. फायरवॉल बसल्यावर चिमटा मागे पोहोचत नाही.